तुंग्याहून माघारी

मुंबईहून जयपूरला जाणारी माझी गाडी चाकसूला थांबली नाही. फलाटावरची पिवळी पाटी डोळ्यांसमोरून सरकली, नाव वाचेपर्यंत स्टेशन मागे पडले. म्हणून मी जयपूरला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसने चाळीसेक किलोमीटर उलटा दक्षिणेला आलो. चाकसूची ओळख शीतलामातेमुळे. गावाजवळच्या शील की डूंगरी नावाच्या टेकडीवर तिचे देऊळ आहे. होळीनंतरच्या अष्टमीला तिथे मोठी जत्रा भरते. त्या दिवशी घरोघरी चूल पेटत नाही, आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खातात. आपल्याकडे श्रावणात शिळासप्तमीला हेच करतात, त्यामुळे परक्या मुलखात आल्यासारखे वाटले नाही. पण मी देवीसाठी आलो नव्हतो. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर तुंगा नावाचे गाव आहे. तुंगा आणि लालसोट यांच्या मधल्या मोकळ्या रानात २८ जुलै १७८७ रोजी महादजी शिंद्यांची फौज जयपूर-जोधपूरच्या फौजेशी लढली. मला ते रान बघायचे होते.

बसस्टँडजवळ चहा पिताना मी टपरीवाल्याला तुंग्याची जीप कुठून मिळेल ते विचारले. त्याने ग्लास विसळता विसळता विचारले, "वहाँ क्या है?" मी म्हटले, लढाई झाली होती. त्याला ठाऊक होते. "हाँ, दखणी भागे थे वहाँ से," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तरी 'भागे' हा शब्द मला लागला. मराठी घरात वाढलेल्या माणसाला तो लागतोच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईला लालसोटची लढाई म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ती दोन-चार ओळींत उरकतात. राजस्थानात तिला तुंग्याची लढाई म्हणतात आणि ती विजय म्हणून सांगतात. जीपमध्ये बसल्यावर मी त्या एका शब्दाशीच झगडत होतो. महादजी पळाले, हरले, की त्यांनी हातातले पत्ते मिटवून खाली ठेवले? या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा फरक मी पहिल्यांदा शिकलो तो इतिहासाच्या पुस्तकात नाही. तो शिकलो साताऱ्याला, मामाच्या घरी, लक्ष्मीपूजनाच्या रात्री.

त्या रात्री आमच्याकडे तीन पत्तीचा डाव बसायचा. चाराणे-आठाण्यांचा खेळ. मी तेरा वर्षांचा होतो आणि पहिल्यांदाच मोठ्यांत बसायला मिळाले होते. माझ्या हातात बदाम एक्का, बदाम दश्शी आणि बदाम पंजी आली. एक्क्याचा कलर! कानशिले तापली. एकेक जण पॅक होत गेला आणि शेवटी मी आणि आजी उरलो. आजी निम्मे लक्ष ओट्याकडे ठेवून खेळायची. साधी जोडी आली तरी पत्ते टाकून द्यायची. त्या रात्री मात्र ती काही न बोलता चौथ्यांदा चाल वाढवत होती. मी खिशातले सगळे पैसे पुढे सरकवत गेलो आणि अखेर शो मागितला. आजीने चष्मा सावरत पत्ते मांडले: किलवर सत्ती, इस्पिक अठ्ठी, चौकट नश्शी. सिक्वेन्स.

मी रडकुंडीला आलो तेव्हा मामा म्हणाला, "अरे, आपले पत्ते एकदाच बघायचे. नंतर सगळा वेळ आजीकडे बघायचं."

पुढे मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत कलर १,०९६. कलरला मारणारे म्हणजे ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८ आणि साधे सिक्वेन्स ७२०, मिळून ८२०. म्हणजे समोरच्याचे पत्ते डोळे मिटून वाटलेले धरले, तर शंभर डावांत जेमतेम चार वेळा त्याच्याकडे वरच्या जातीचे पान असणार. एक्क्याच्या कलरवर पॅक होणे हा त्या हिशेबाने वेडेपणाच. पण चौथ्या चालीनंतर आजीचे पत्ते डोळे मिटून वाटलेले राहिलेले नसतात. जी बाई जोडीवर उठून जाते ती चार चाली खेळते, तेव्हा तिच्या हातात काय नाही याची यादी लांबत जाते आणि काय असेल याची आखूड होते. माझे पत्ते पहिल्या चालीला जेवढे भारी होते तेवढे चौथीला राहिले नव्हते. पत्ते तेच होते, बदाम एक्काही तोच होता, बदलले होते ते समोरच्याबद्दलचे माझे ज्ञान.

आता मी स्वतः मामा झालो आहे आणि माझा भाचा पोकर खेळतो. तिथे पॅकला फोल्ड म्हणतात आणि बरोबरी करून टिकण्याला कॉल. त्याने मला पॉटचे गणित शिकवले. "मामा, पॉटमध्ये तीनशे आहेत, समोरच्याने शंभर लावले. तुला शंभर घालून चारशे मिळवायचेत. पाचांत एकदा जिंकलास तरी तोटा नाही." मी विचारले, "आणि ते शंभर माझे शेवटचे असतील तर?" तो हसला. "मग तू त्या टेबलावर बसायलाच नको होतंस." हे गणित पुढचा डाव वाटला जाणार आहे असे गृहीत धरते. ज्याच्याकडे पुढच्या डावासाठी काही उरणार नाही, त्याला पाचांत एकचा हिशेब सांगून उपयोग नाही. त्याला पाचवा डाव मिळणारच नसतो.

हे दोन हिशेब, समोरच्याची चाल वाचण्याचा आणि गाठीला काय उरेल याचा, घेऊन तुंग्याकडे बघितले तर १७८७ चा उन्हाळा वेगळा दिसू लागतो.

महादजींचे पत्ते सुरुवातीला खरोखर जबरदस्त होते. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रज आणि मराठे यांच्यातला मध्यस्थ म्हणून त्यांचे वजन वाढले. पाठोपाठ ग्वाल्हेरचा किल्ला हाती आला. १७८४ च्या अखेरीस बादशहा शाह आलमने पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद दिले आणि त्याचा कारभार महादजींकडे आला. दिल्लीच्या बादशाहीचे लष्कर आणि दिवाणी त्यांच्या हाताखाली आली. १७८५ मध्ये आग्र्याचा किल्ला मिळाला. बनवा द बॉयन या सव्वायार्डी सरदाराने, म्हणजे आल्प्सच्या कुशीतल्या साव्हॉयहून आलेल्या माणसाने, त्यांच्यासाठी कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. कागदावर बघितले तर त्या वेळी उत्तर हिंदुस्थानात एवढे भारी पान दुसऱ्या कोणाच्याच हातात नव्हते.

पण या पानांच्या पोटात दोन दुबळ्या जागा होत्या. एक म्हणजे पैसा. बादशाही कारभार अंगावर आला तसे तिच्या जुन्या पलटणींचे थकलेले पगारही अंगावर आले. दुसरी म्हणजे त्या पलटणींची आणि मोगल सरदारांची निष्ठा. कालपर्यंत ते मिर्झा नजफखानाच्या परंपरेतले होते, आज एका दक्षिणी सरदाराचा हुकूम ऐकत होते. तो हुकूम त्यांना कितपत मानवला होता, हे कसोटीची वेळ येईपर्यंत कळणार नव्हते.

पैशासाठी नजर जयपूरकडे वळली. बादशहाच्या वतीने थकलेल्या खंडणीची मागणी झाली, घासाघीस झाली आणि १७८६ मध्ये ६३ लाख रुपयांवर सौदा ठरला. त्यातले थोडेच हाती आले. बाकीच्या वसुलीसाठी रायाजी पाटलांना फौजेसह मागे ठेवून महादजी परतले. १७८७ मध्ये ते पुन्हा आले, ते उरलेल्या रकमेसाठी.

इथे चाकसूच्या बाजूने बघायला हवे. चाटसू हा जयपूर राज्याचा परगणा. त्या काळातले परगण्याचे जमाखर्चाचे कागद, ज्यांना अडसट्टे म्हणतात, ते बिकानेरच्या अभिलेखागारात आहेत. कुठल्या गावातून किती धान्य आले, कुठला कर किती बसला, असल्या नोंदींनी ते भरलेले असतात. ६३ लाखांचा आकडा दरबारात बोलला गेला तरी तो भरायचा होता असल्या परगण्यांनी. आणि साल बघा. १७८३-८४ मध्ये उत्तर हिंदुस्थानात भयंकर दुष्काळ पडला होता. विक्रम संवत १८४० मधला, म्हणून लोक त्याला चालीसा म्हणतात. त्याला तीन वर्षेही झाली नव्हती. डावाच्या मध्यभागी जो पैसा साचतो तो खेळणाऱ्यांचा असतो असे आपण धरतो. तुंग्याच्या डावात तो चाटसूच्या शेतकऱ्याचा होता, आणि त्याला कुणी पत्तेही वाटले नव्हते.

जयपूरला मराठ्यांची आठवण चांगली नव्हती. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर चालून आले तेव्हा सवाई ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात हजारो मराठ्यांची कत्तल झाली. त्या दोन महिन्यांत दोन्ही बाजूंनी जे पेरले ते सदतीस वर्षांनी उगवत होते. १७८७ मध्ये जयपूरच्या गादीवर सवाई प्रतापसिंह होता, वय वर्षे बावीस-तेवीस. हाच पुढे ब्रजनिधी या नावाने काव्य करणारा आणि १७९९ मध्ये हवामहल बांधणारा राजा. लालसोटच्या आपल्या हकिकतींत तो नुसताच 'जयपूरकर' असतो. पण टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस तोच होता, आणि त्याने चाली छान खेळल्या.

पहिली चाल कारभाऱ्याची. मराठ्यांशी जुळवून घेणारा खुशालीराम बोहरा मागे पडला आणि मराठ्यांना कसून विरोध करणारा दौलतराम हल्दिया पुढे आला. पैसे देतो, देतो म्हणत दिवस काढणे सुरू झाले. दुसरी चाल जोधपूरची. विजयसिंहाने राठोड घोडदळ मदतीला धाडले. कछवाहे आणि राठोड सहसा एका पंगतीला बसत नसत, इथे ते एका छावणीत आले. तिसरी चाल सर्वांत जड. मुहम्मद बेग हमदानी हा मोगल सरदार महादजींच्या बाजूने आणला गेला होता. उन्हाळ्यातच तो आपल्या फौजेसह उठून जयपूरच्या छावणीत गेला. नुसती एक तुकडी कमी झाली असे नाही. उरलेल्या मोगल पलटणींच्या मनात काय चालले असेल, याचा पत्ता उघडा पडला.

पुण्याहून कुमक लवकर येईल अशीही स्थिती नव्हती. नाना फडणीस आणि पेशव्यांचे लष्कर टिपूच्या युद्धात गुंतले होते. ते युद्ध एप्रिल १७८७ मध्ये गजेंद्रगडच्या तहाने संपले, पण तिथून राजपुताना काही जवळ नाही. महादजी पगार देऊ शकत नव्हते, कारण जयपूर पैसे देत नव्हते, आणि जयपूर पैसे देत नव्हते, कारण महादजी पगार देऊ शकत नाहीत हे त्याला दिसत होते. आजीने चष्म्याआडून माझ्या हातातली शेवटची आठाणी बघितली होती, तसेच.

२८ जुलैला शो झाला. मराठ्यांच्या बाजूने सेनापती राणेखान. राठोडांच्या घोडदळाने तोफांच्या माऱ्यातून मुसंडी मारली, द बॉयनच्या पलटणींनी बंदुकांच्या फैरींनी ती अडवली. हमदानी तोफेचा गोळा लागून ठार झाला. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही. कुणाची फौज मोडली नाही, कुणी रान सोडून गेले नाही. एवढ्यावरच थांबले असते तर महादजींना लढाई बरोबरीत सुटली असे म्हणता आले असते, आणि शत्रूचा एक मोठा सरदार मारला म्हणून थोडी वरचढ ठरली असेही.

पण पुढच्या दोन-तीन दिवसांत बादशाही पलटणी पगारासाठी बिघडल्या आणि तोफांसह उठून शत्रूकडे गेल्या. हमदानीच्या जागी त्याचा पुतण्या इस्माईल बेग उभा राहिला. १ ऑगस्टला महादजींनी माघार सुरू केली आणि भर पावसाळ्यात सैन्य डीगच्या दिशेने काढले.

तुंग्याला पोहोचल्यावर मला जे दिसले ते सांगण्यासारखे फार नाही. बाजरीची शेते, मधून मधून ओघळीने कापलेली जमीन, दूरवर टेकड्या. दडायला आडोसा नाही. एका बांधावर बसून मी त्या दोन-तीन दिवसांचा विचार करत राहिलो. कारण खरा निर्णय लढाईच्या दिवशी झालाच नाही. लढाईच्या दिवशी माणूस लढतो, तेव्हा निवडायला फारसे काही नसते. निर्णय झाला तो नंतर. समोर अजून द बॉयनच्या पलटणी उभ्या होत्या, राणेखान होता, मराठी घोडदळ शाबूत होते, आणि ६३ लाखांपैकी बराच पैसा अजून टेबलावर पडलेला होता. एक्क्याचा कलर हातात होता. तो हात टाकायचा, तोही बादशहाचा वकील म्हणून, सगळ्या राजपुतान्याच्या डोळ्यांदेखत.

हे महादजींना का जमले? माझे उत्तर आहे पानिपत. १४ जानेवारी १७६१ ला ते तिथे होते. पळताना एका अफगाण स्वाराने त्यांच्या पायावर वार केला आणि ते जन्माचे लंगडे झाले. राणेखान या भिश्त्याने त्यांना उचलून वाचवले. तुंग्याला सैन्याच्या पुढे उभा असलेला राणेखान तो हाच. म्हणजे त्या छावणीत असे दोघे जण होते, ज्यांनी एक डाव अखेरच्या आठाणीपर्यंत खेळला गेलेला पाहिला होता. पुढचा डाव वाटायला कोणी उरत नाही म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. महादजींना तर चालताना दर पावलाला ते आठवत असणार.

आणि त्याच्याही आदल्या वर्षीचा बुराडी घाट. महादजींचे सावत्र भाऊ दत्ताजी तिथे पडले. घायाळ दत्ताजींना आणखी लढणार का असे विचारले, तेव्हा वाचलो तर आणखी लढू असे ते म्हणाले, अशी कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आपण ती न वाकण्याची गोष्ट म्हणून सांगतो. तुंग्याच्या बांधावर ती मला वेगळी ऐकू आली. त्या वाक्यात लढण्याच्या आधी वाचणे आहे. दत्ताजींना ते मिळाले नाही. धाकट्या भावाने सत्तावीस वर्षांनी त्या वाक्याचा पहिला शब्द अमलात आणला. मराठी मनाने थोरल्याला हृदयात जागा दिली, धाकट्याच्या त्या ऑगस्टला मात्र चार ओळी दिल्या.

माघार फुकट मिळाली नाही. पत्ते टाकले की पॉटमध्ये घातलेले सगळे जाते, हा खेळाचा नियमच आहे. अजमेर गेले. इस्माईल बेगने आग्र्याला वेढा घातला आणि तिथला किल्ला लखबादादांना महिनोन्‌महिने झुंजवत ठेवावा लागला. दिल्लीत रोहिला गुलाम कादिर शिरला. १० ऑगस्ट १७८८ रोजी त्याने लाल किल्ल्यात शाह आलमचे डोळे काढले. महादजी ज्याचे वकील होते तो हा बादशहा. तुंग्याची किंमत सर्वांत जास्त ज्याने मोजली तो तुंग्याला नव्हताच. हात टाकणाऱ्याचे शहाणपण सांगताना हा म्हातारा आंधळा बादशहा वगळला, तर तो इतिहास होणार नाही.

दुसरीकडे, टाकलेल्या हाताने जे वाचवले त्यावर पुढचे डाव उभे राहिले. महादजींनी भरतपूरच्या जाट राजा रणजितसिंहाशी सख्य केले, ग्वाल्हेरच्या आधाराने तग धरला, नव्याने पैसा आणि माणसे जमवली. १८ जून १७८८ रोजी आग्र्याजवळ राणेखानाने इस्माईल बेगला मोडले. ऑक्टोबरात दिल्ली परत घेतली, गुलाम कादिर पकडला गेला आणि मारला गेला. मग द बॉयनचा नवा कंपू तयार झाला, या वेळी त्याच्या पगाराची सोय आधी लावून. २० जून १७९० ला पाटण आणि १० सप्टेंबरला मेडता. तेच जयपूर, तेच राठोड, तोच इस्माईल बेग. या वेळी महादजींनी हात टाकला नाही. अजमेर परत आले. दोन्ही वेळा समोरचे खेळाडू जवळजवळ तेच होते. बदलली होती ती गाठीची पुंजी आणि आपल्या माणसांवरचा भरवसा.

इथे माझ्या मनात एक शंका येते आणि ती लपवून ठेवणे बरे नाही. पाटण आणि मेडता झाले म्हणून मी तुंग्याच्या माघारीला शहाणपण म्हणतो आहे का? १७८८ मध्ये महादजी तापाने मेले असते, आग्रा पडले असते, तर हीच माघार भेकडपणा ठरली असती आणि मीही तसेच लिहिले असते. पत्त्यांत हे रोज होते. चुकीच्या कलरवर अडून बसलेला पोरगा कधीतरी जिंकतो आणि त्याला शूर म्हणतात, बरोबर पॅक झालेला बघत बसतो आणि समोरच्याकडे साधी जोडी निघते. भाचा म्हणतो, निकालावरून निर्णय मोजू नकोस. इतिहास लिहिणाऱ्याला हे फार अवघड, कारण त्याला सगळ्यांचे पत्ते उघडे दिसतात.

म्हणून मी पाटण आणि मेडता झाकून ठेवतो आणि फक्त जुलै १७८७ च्या अखेरीस महादजींना जे ठाऊक होते तेवढेच समोर मांडतो. पगार नाही. तोफा शत्रूकडे गेल्या. जो उरला आहे तो उद्या असेलच असे नाही. पुण्याहून कुमक दूर. समोरचा एकजूट झालेला. हरलो तर दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर यांतले काहीच वाचवायला सैन्य नाही. जिंकलो तर एका खंडणीचा उरलेला भाग मिळणार, तोही दुष्काळातून उठलेल्या मुलखातून. एवढ्यावरून मला निर्णय बरोबर वाटतो. तो पुढे फळला ही वेगळी गोष्ट.

ज्या मामाने मला आजीकडे बघायला शिकवले, त्याचा साताऱ्याला खिळ्यांचा छापखाना होता. दोन ट्रेडल, एक कटिंग मशीन, लाकडी केसेसमध्ये वर्षानुवर्षे जमवलेले टाइप. ऑफसेट आले तेव्हा लग्नपत्रिका गेल्या, मग पावतीपुस्तके गेली. चार चाली सरळ डोळ्यांसमोर खेळल्या गेल्या. मामीने दोनदा सांगितले, यंत्रे विकून टाका. मामा म्हणायचा, "एवढी वर्षं घातलीत त्यात, आता कसं सोडू?" राहते घर विकावे लागले तेव्हा छापखाना बंद झाला. यंत्रे भंगाराच्या भावाने गेली. मी त्याला कधी त्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची आठवण करून दिली नाही. पत्त्यांवर जे कळते ते आपल्या आयुष्यावर कळेलच असे नाही. तीस वर्षे हाताने जुळवलेला टाइप हे काही चाराण्याचे नाणे नव्हते, आणि मामा मूर्खही नव्हता. त्याने आपले पत्ते पुन्हा पुन्हा बघितले, एवढेच. ते खरेच चांगले होते.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला वारले. तिथे आज शिंदे छत्री आहे. मी लहानपणापासून अनेकदा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी दिल्ली जिंकणारा महादजी म्हणूनच त्या माणसाला नमस्कार केला आहे. १७८७ च्या पावसात, तोफा गमावून, चिखलातून डीगकडे लंगडत निघालेला माणूसही तोच, हे तुंग्याच्या बांधावर बसल्यावर पहिल्यांदा नीट डोळ्यांसमोर आले.

संध्याकाळी जीपने परत चाकसूला आलो. टपरीवाला अजून होता. त्याने विचारले, "मिला कुछ?" मला त्याच्या शब्दावर बोलायचे होते. भागे नाही, लौट गए, असे सांगावे म्हणून मी तोंड उघडले. मग वाटले, ज्याच्या पणजोबाच्या पणजोबाच्या धान्यातून ती खंडणी निघणार होती, त्याच्यासाठी ते कुठल्या शब्दाने गेले याला काय महत्त्व? ते गेले, आणि तीन वर्षांनी परत आले. त्याच्या बाजूने डावाचा हिशेब एवढाच.

"खेत है," मी म्हटले. त्याने मान डोलावली आणि चहा ओतला.